‘व्ह्यू तर सेमच असतो’ : न्यूयॉर्कचं तिकीट परस्पर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

विषय : व्हाउचरवरचा डेक (उंच इमारतीवरून शहर बघायची जागा) आणि वेळ न विचारता बदलणे, जादा पैसे परत न करणे, आणि फोनवर मिळालेली उत्तरे

महोदय,

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला. तिथे बोललेलं पुढे कुठे जातं ते कळत नाही, म्हणून आता लेखी देते आहे.

आई-बाबांच्या अमेरिका टूरच्या व्हाउचरवर स्वच्छ छापलं होतं : टॉप ऑफ द रॉक, म्हणजे रॉकफेलर सेंटरच्या माथ्यावरचा डेक, सूर्यास्ताची वेळ. प्रत्यक्षात त्यांना सकाळी अकराच्या सुमारास वन वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या वन वर्ल्ड ऑब्झर्व्हेटरीत नेलं. आधी कळवलं नाही. बसमधून उतरताना तुमच्या माणसाने ‘यहीं है’ एवढंच सांगितलं. सूर्यास्ताच्या वेळेचे जादा पैसे मात्र बुकिंगलाच घेतले होते, ते आजही तुमच्याकडेच आहेत.

न्यूयॉर्कमध्ये कुठून काय दिसतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. ही तिकिटं तुम्हीच विकता. पण आजच्या फोननंतर ती खात्री राहिली नाही, तेव्हा सांगतेच.

टॉप ऑफ द रॉक आम्ही चिठ्ठी टाकून निवडला नव्हता. घरात त्यावर रीतसर बैठका झाल्या. वन व्हँडरबिल्टमधलं समिट बाद झालं, कारण आई परदेशातही साडीच नेसते आणि तिथे पायाखालीसुद्धा आरसे आहेत. स्कर्ट-ड्रेस घालून येऊ नका, असं तेच लोक सुचवतात. हडसन यार्ड्सचा एज शंभराव्या मजल्यावरून बाहेर झेपावलेला, जमिनीत काच बसवलेली. आईला आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतूनही खाली बघवत नाही. तोही बाद.

राहिली एम्पायर स्टेट. बाबांची सगळी नोकरी सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे काढण्यात गेली. मार्च १९३० मध्ये काम सुरू झालं आणि १ मे १९३१ ला इमारत खुली झाली, हे ते घरी आलेल्या पाहुण्यांना चहाबरोबर ऐकवतात. मग तिथेच का गेलो नाही? कारण तिच्या ८६व्या मजल्यावर उभं राहिलं की सगळं शहर दिसतं, फक्त एम्पायर स्टेट दिसत नाही. बाबांना ती अख्खी बघायची होती. त्यासाठी रॉकफेलर सेंटर. तिथून दक्षिणेला पन्नासाव्या ते चौतिसाव्या स्ट्रीटएवढ्याच अंतरावर ती समोर उभी असते, मागे वळलं की उत्तरेला सेंट्रल पार्क. सत्तराव्या मजल्यावर तर मध्ये काचही नाही. आणि सूर्यास्ताची वेळ अशासाठी, की एकाच तिकिटात उजेड, मावळतीचे रंग आणि नंतर तिच्या माथ्यावर लागणारे दिवे, तिन्ही बघून होतात.

हे सगळं मी बुकिंग करताना मेलमध्ये लिहिलं होतं. उत्तर आलं, ‘नोटेड.’ नेमकं काय नोंदवलंत, ते कळवलंत तर बरं होईल.

वन वर्ल्डबद्दल माझी काही तक्रार नाही. ४७ सेकंदांत वर नेणारी लिफ्ट, तिच्या भिंतींवर सरकत जाणारी न्यूयॉर्कची पाचशे वर्षं, हे बाबांना मनापासून आवडलं. खाली बंदर, लिबर्टीचा पुतळा, ब्रुकलिन ब्रिज, सगळं छान. पण ती इमारत मॅनहॅटनच्या पार दक्षिण टोकाकडे आहे. तिथून एम्पायर स्टेट चार-पाच किलोमीटर लांब, इतर उंच इमारतींच्या गर्दीतली एक. सेंट्रल पार्क त्या गर्दीच्या मागे. आणि संपूर्ण डेक काचेच्या आत. बाबांनी तरीही फोटो काढला. त्यात मिडटाऊनवर त्यांचाच चौकडीचा शर्ट उमटला आहे आणि एम्पायर स्टेटच्या जागी वरून दुसरं बटण आलं आहे. फोटो सोबत जोडला आहे, अवश्य बघा.

हा बदल का केलात, हे समजायला फार डोकं लागत नाही. त्या सकाळी ९/११ स्मारक कार्यक्रमात होतंच. शेजारच्याच इमारतीत माणसं वर चढवली की संध्याकाळची बसची फेरी वाचते आणि ड्रायव्हरचे तासही वाचतात. जूनमध्ये न्यूयॉर्कला सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो. त्या वेळी आमचे आई-बाबा न्यूजर्सीत पनीर बटर मसाला खात होते. जेवण वेळेवर मिळालं, याची नोंद घ्यावी. दुसऱ्या दिवशी पहाटे बस वॉशिंग्टनला निघाली, म्हणजे स्वतःच्या पैशांनी जाऊन यायचीही सोय उरली नाही.

आता आजचा फोन. ‘हा कॉल गुणवत्ता आणि प्रशिक्षणासाठी रेकॉर्ड होत आहे’ असं तुमचं यंत्र म्हणालं, तेव्हा रेकॉर्डिंग असेलच. ते कुणीतरी वरिष्ठाने बसून ऐकावं ही विनंती. प्रशिक्षणाला उपयोगी पडेल.

आधी मला बुकिंग क्रमांक विचारला. दिला. मग होल्ड, मग सनई, मग पुन्हा बुकिंग क्रमांक. मी सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यावर तुमच्या प्रतिनिधी म्हणाल्या, “पण मॅडम, तुम्हाला तर अपग्रेड मिळालंय. वन वर्ल्ड जास्त उंच आहे.” मी म्हटलं, उंचीच हवी असती तर विमानात खिडकीची सीट होती की. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “मॅडम, वरून सिटी सगळीकडून सेमच दिसते. व्ह्यू तर सेमच असतो.” मी विचारलं, तुम्ही यातल्या कुठल्या डेकवर गेला आहात का? “तसं नाही मॅडम, पण सिस्टीममध्ये दोन्ही एकाच कॅटेगरीत आहेत.” बरं, मग अकरा वाजता सूर्यास्त तुमच्या सिस्टीममध्ये कुठल्या कॅटेगरीत येतो? पुन्हा सनई. परत आल्यावर त्यांनी जे वाक्य टाकलं ते जसंच्या तसं लिहिते : “मॅडम, सीनियर सिटिझन आहेत ना ते? या वयात वरपर्यंत जाऊन आले हेच खूप झालं. त्यांना काय एवढा फरक पडणार!”

फोन स्पीकरवर होता. बाबा समोर बसले होते. ते रोज सकाळी पर्वती चढून येतात, आणि उतरून भाजी घेऊन येतात. ते एवढंच म्हणाले, “विचार तिला, पर्वतीवरून आणि सिंहगडावरून पुणंही सेमच दिसतं का?” मी विचारलं. तिकडून उत्तर आलं, “तुमची रिक्वेस्ट क्लोज करू का मॅडम?”

माझी कसली रिक्वेस्ट? पैसे तुम्ही घेतलेत.

खरं सांगायचं तर राग पैशांचा कमी आहे. आमच्या घरात टूर म्हटलं की तुमचंच नाव निघायचं. युरोपला तुमच्या टूर मॅनेजरने आईचा गुडघा धरला म्हणून अख्ख्या बसला न कुरकुरता थांबवून ठेवलं होतं. ते सांगून सांगून आईने तुम्हाला निम्मी सोसायटी गिऱ्हाईक म्हणून मिळवून दिली. तीच आई आता विचारते, “आपण एवढं लिहून दिलं होतं, ते वाचलंच नव्हतं का गं कुणी?”

तुमच्या अटींमध्ये ‘अपरिहार्य कारणास्तव स्थलदर्शनात बदल होऊ शकतो’ असं कलम आहे, ते मी वाचलं आहे. ते पुढे करणार असाल तर अपरिहार्य कारण काय होतं ते लेखी द्या. डेक बंद होता का? वादळ होतं का? तिकिटं संपली असतील तर त्या स्थळासाठी काढायला गेल्याचा पुरावा दाखवा. बस वाचवणं हे अपरिहार्य कारणात बसत नाही.

मला हवंय ते असं : सूर्यास्ताच्या वेळेचे जादा पैसे दोघांचेही परत, दोन्ही तिकिटांच्या मूळ दरांचा लेखी हिशेब, आणि बाबा-आईंच्या नावे माफीचं पत्र. पत्र माणसाने लिहिलेलं असावं. ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ हे वाक्य माझ्याकडे आधीच भरपूर साठलं आहे.

पंधरा दिवसांत हे झालं नाही तर सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापार प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर पुणे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९च्या कायद्याने ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार आजच नोंदवते आहे. बाबा निवृत्त आहेत, त्यांना तारखांना हजर राहायला भरपूर वेळ आहे. नकाशांबरोबर सरकारी फायली सांभाळण्यातही त्यांची हयात गेली आहे, आणि तुमची फाईल त्यांनी कालच उघडली.

बुकिंग ज्यांच्या नावे आहे त्यांची मुलगी,
सहकारनगर, पुणे

सोबत : व्हाउचर, पैशांची पावती, ‘नोटेड’ हा मेल, शर्टाच्या बटणाचा फोटो.

ता. क. : हे लिहीत असतानाच ‘आमच्या प्रतिनिधीशी झालेला संवाद कसा वाटला? पाच स्टार द्या’ असा तुमचा मेसेज आला. तो पाठवणं थांबवा.