चि. सोनूस, ऊसतोडीच्या फडावर जाण्याआधी

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

तुझी नेमणूक शिरोळ तालुक्यातल्या आरोग्य उपकेंद्रात झाल्याचं कळलं. दिवाळीनंतर तिथे ऊसतोडीच्या ज्या बाया तपासायला येतील, त्यातल्या निम्म्या आपल्या केज, धारूर, वडवणीकडच्या असतील. तुझी आजी त्याच पट्ट्यात कोयता घेऊन जायची. तू तिला पाहिलंस ते कनवटीला किल्ल्या लावून घर चालवताना. त्याआधीचं तुला माहीत असावं, आणि ते तुझ्या कामाचंही आहे.

1972च्या दुष्काळात माय, म्हणजे तुझी आजी, पोरवयाची होती. आईबरोबर खडी फोडायला जायची आणि सुकडी खायची. लग्न होऊन आली ती बालाघाटाच्या डोंगरातल्या कोरडवाहू चार एकरांवर. बाजरी निघाली की दसऱ्यानंतर गावात ना काम, ना पाणी. मग टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम.

उचलीचा हिशोब नीट समजून घे, त्याशिवाय त्या बाया दवाखान्यात का येत नाहीत ते कळणार नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटं माणूस गेलं तर अर्धा. उचल हंगामाआधी मिळते ती नवऱ्याच्या हातात, वहीत नावही त्याचंच. आजच्या घडीला लाखभराची उचल सर्रास आहे. तोडणीचा दर 2024च्या करारानंतर टनाला साडेतीनशेच्या पुढे गेला. म्हणजे लाख फेडायला पावणेतीनशे टनांच्या आसपास ऊस तोडायचा. चांगल्या फडात जोडीचा दिवसाला दीड ते दोन टन होतो, पडलेला किंवा वेड्यावाकड्या उसाचा फड लागला तर एकावर येतो. साडेचार-पाच महिने एकही दिवस न चुकता राबलं तर ती उचल फिटते. एक खाडा झाला की मजुरी जाते आणि वर मुकादम दंड लावतो. उरलेली बाकी पुढच्या हंगामाच्या मानेवर. अंगात ताप असूनही बाई फडात का उभी असते, ते यात आलं.

माय पहाटे तीनला उठायची. पाणी भरणं, दोन्ही वेळच्या भाकरी थापणं, लेकरांचं आवरणं हे सगळं उजाडायच्या आत. फडात मुकादम पात, म्हणजे प्रत्येक जोडीच्या वाट्याच्या सऱ्या, वाटून देतो. पुरुष तोडतो, बाई मागून पाचट (वाळला पाला) काढते, वाढं (हिरवा शेंडा) छाटते आणि मोळी बांधते. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात जास्त असते, आणि वर खुंट राहिला तर खोडवा, म्हणजे बुडख्यातून येणारं पुढचं पीक, नीट फुटत नाही. शेतकरी त्यावरूनच भांडतो. त्यासाठी कंबर पूर्ण वाकवावी लागते. वाढ्याला पीळ देऊन त्याचीच दोरी करतात. मोळी तीस-चाळीस किलोची. डोकी सेंटरला, म्हणजे जिथे ऊस डोक्यावरून वाहतात तिथे, ती चुंबळीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढवायची. फळी दवाने ओली असेल तर पाय सटकतो. पाठीची, गुडघ्याची, गर्भपाताची बरीच कारणं तुला त्या फळीवर सापडतील.

ट्रक रात्री दोनला आला तरी भरायलाच लागतो. गाडी सेंटरची गोष्ट वेगळी. तिथे पुरुष बैलगाडी घेऊन कारखान्याच्या नंबरात अडकतो, आणि बाई रात्रभर कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, लेकरांसह एकटी. कोपीला दार नसतं. तरण्या पोरींना मागे गावी ठेवायची सोय नसली की लग्न लवकर उरकतात, त्याचं मूळ इथे आहे. नुसता कायदा सांगून ते थांबायचं नाही.

मायच्या हातात पैसा यायचा तो वाढ्यांचा. वाढ्यांच्या पेंढ्या बांधून गुरंवाल्यांना विकायच्या, त्यावर तेल-मीठ आणि आठवड्याचा बाजार निघायचा. मुकादमाकडून खर्ची, म्हणजे हंगामातल्या खर्चाला पैसे, घेतले की ते उचलीच्या बाकीत वाढतात, म्हणून ती खर्चीला हात लावू द्यायची नाही. तिला अक्षर येत नव्हतं. प्रत्येक खेपेला ती कोपीच्या बांबूवर कोळशाची रेघ ओढायची आणि पंधरवड्याच्या हिशोबाला मुकादमाच्या वहीशी ताडून बघायची. एकदा दोन खेपा कमी लागल्या, तर सगळ्या टोळीला तिने बांबू उपटून दाखवला. पुढे नवे कोयते हिशोबाला तिलाच बोलवायचे. घरातला तिचा शब्द तिथून मोठा झाला, सासू झाली म्हणून नव्हे.

आता गर्भपिशवीचं. 2019मध्ये बीड जिल्ह्यात पाहणी झाली, 82,309 ऊसतोड बायांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. तळावर संडास नाही, न्हाणी नाही, पाळीच्या कपड्याला ऊन नाही. अंगावरून पांढरं जायला लागतं, दुखतं. साध्या औषधाने बरं होणाऱ्या दुखण्याला कुणीतरी कॅन्सरची भीती घालतं. तुझ्या मोठ्या काकूची तिशीतच काढली. पाळी गेली, खाडे वाचले, पण पुढे हाडं दुखणं आणि अंगाची आग सुरू झाली. अशी बाई आली तर आधी तिचं रक्त तपास आणि पिशवी कितव्या वर्षी, कुठे काढली ते विचार. अंडाशयं ठेवली की तीही काढली, हे तिला बहुधा माहीत नसतं, म्हणून कागद मागून बघ.

तिन्ही मुलं कोयत्यावर जायला लागली तेव्हा मायने फडावर जाणं थांबवलं. थकली होती हे खरं, पण कारण नातवंडं. पाच लेकरं गावात ठेवून घेतली, कारण फडावर गेलेलं पोर मार्चमध्ये परत येतं तोवर शाळेचं वर्ष गेलेलं असतं. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं तेव्हा तिने पोरांचं जेवण तिथे लावलं, झोपायला घरी. हंगामाला निघताना प्रत्येक सुनेबरोबर धान्याची पोती, तिखट, तवा, परात, घागर आणि ताडपत्री जायची. मागे सहा महिन्यांचं धान्य आणि शेळ्या ठेवायची अट ती मुलांना घालायची. रेशन, शेळ्या, पोरांचे ताप-खोकले सगळं तिच्या अंगावर. आपल्या गावात आजही अशा म्हाताऱ्या घरोघर आहेत. सरकारी यादीत त्यांना ऊसतोड कामगार म्हणत नाहीत. म्हणायला हवं.

तपासणी सकाळी दहाला ठेवू नकोस, कुणी येणार नाही. संध्याकाळी सातच्या पुढे तळावरच जा, स्वयंपाक चालू असतो तेव्हा. त्या दिवशी वाहन कधी लागणार हे कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडणीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, आधी फोन करून विचार. बाईचा पत्ता लिहून उपयोग नाही, फड बदलला की टोळी हलते. गाव आणि मुकादमाचं नाव लिही. गरोदर बाईचं माता-बाल कार्ड तिच्याजवळच राहू दे, कारण ती बाळंत कोणत्या तालुक्यात होईल ते तिलाही सांगता येणार नाही.

आजीने बाजरीचं पीठ आणि शेंगाचटणी बांधून ठेवली आहे. रविवारी एसटीने पाठवतो, स्टँडवर घ्यायला जा.

तुझे,
अप्पा