तडा तुमच्या भांड्याला, खापर आमच्या चीजवर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'सहा जणांचा चीज फॉन्ड्यू संच' चीजच्या कामाचा नसल्याबाबत आणि तीन संचांची पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत.

संदर्भ : आमची ई-मेलवरची पहिली तक्रार आणि तिला आलेले आपले तीन ओळींचे उत्तर.

महोदय,

आपल्या उत्तरात मुद्द्याची वाक्ये दोनच आहेत. एक, 'चीज फुटले ते स्थानिक चीज वापरल्यामुळे'. दोन, 'परतीची सात दिवसांची मुदत संपली आहे'. मुदतीचे शेवटी पाहू. आधी चीजचे. चीज फॉन्ड्यू म्हणजे मंद आचेवर वाईनमध्ये वितळवलेले चीज, टेबलावर गरम ठेवून त्यात पाव बुडवून खातात. ते फुटले म्हणजे त्याचा गोळा वेगळा आणि तेल वेगळे झाले.

नौपाडा, पाचपाखाडी आणि वाशी इथल्या तीन घरांसाठी आम्ही एकाच पावतीवर तीन संच घेतले. तिन्ही उघडून, मोजून, वापरून पाहिले. दोष तिन्हींत तेच आहेत, त्यामुळे एखादा नग वाईट निघाला असे म्हणायला जागा नाही. आपण चॉकलेट फॉन्ड्यूचा संच चीज फॉन्ड्यूचा म्हणून विकत आहात. सोबतची मराठी पुस्तिका तर कधीही फॉन्ड्यू न केलेल्या माणसाने भाषांतरित केलेली आहे.

संकेतस्थळावरच्या छायाचित्रात एनॅमल चढवलेले बिडाचे भांडे दिसते. घरी आले ते पातळ, चकचकीत सिरॅमिकचे. क्षमता १.२ लिटर लिहिली आहे, पण मापाच्या पेल्याने पाणी ओतले तर काठोकाठ ६५० मिली मावते. चार जणांना जेवणाआधीचा पदार्थ म्हणून ४०० ग्रॅम चीज आणि २०० मिली वाईन घेतली तर भांडे जवळजवळ भरते. ढवळायला आणि पाव बुडवायला वरचा तिसरा हिस्सा मोकळा लागतो, तो कुठून आणायचा? पूर्ण जेवण म्हणून करायचे तर माणशी सुमारे २०० ग्रॅम चीज धरतात. सहा जणांचे १.२ किलो झाले. हे भांडे फार तर दोघांचे आहे.

'थेट गॅसवर चालते' असे संकेतस्थळ सांगते. भांडे उलटे केले तर बुडाशी नखाएवढी खूण कोरलेली आहे : ज्वाळेवर काट. खूण खरी निघाली. सगळ्यात लहान शेगडीवर, मंद आचेवर ठेवूनही तीनपैकी दोन भांड्यांच्या बुडाला केसासारखा तडा गेला. ज्योतीच्या कड्यावरचा भाग झपाट्याने तापतो, बाकीचा थंड राहतो, आणि पातळ सिरॅमिकला हा फरक सोसत नाही. फॉन्ड्यूसाठी खास बनवलेली जाड मातीची भांडी, ज्यांना कॅकलॉन म्हणतात, तीही गॅसवर ठेवताना खाली जाळी घालणे शहाणपणाचे असते. आता त्या तड्यांत चीज मुरले आहे आणि ते घासून निघत नाही, म्हणून दोन्ही भांडी बाद झाली. भांड्यावरच्या झिलईत शिसे नाही याचा दाखलाही आम्हाला हवा आहे. वाईन आणि लिंबू दोन्ही आंबट, आणि निकृष्ट झिलईतले शिसे आंबट पदार्थात उतरते.

बर्नर म्हणून संचात दोन टी-लाइट मेणबत्त्या आहेत. चॉकलेट पातळ राहायला शरीराच्या तापमानाहून थोडीशी जास्त ऊब पुरते, तिथे मेणबत्ती योग्यच. चीज फॉन्ड्यू टेबलावर असताना साधारण ६० ते ७० अंश सेल्सिअसला राहावा लागतो. दोन्ही मेणबत्त्या पेटवून, स्वयंपाकाचा थर्मामीटर लावून पाहिले : ७० अंशांवर टेबलावर आणलेले मिश्रण वीस मिनिटांत ५० च्या खाली उतरले. कडेला घट्ट पट्टा, मधे बरोबर ज्योतीवर करपलेला ठिपका, आणि पाव उचलला की तारा तुटायचे नाव नाही. चीज फॉन्ड्यूला आच कमीजास्त करता येणारा बर्नर लागतो, स्पिरिटचा किंवा केटरिंगवाले चेफिंग डिशखाली लावतात तसल्या जेलचा. त्याला वाऱ्यापासून आडोसा हवा. मे महिन्यात ठाण्यात पंखा बंद करून पाहुण्यांना जेवायला बसवा, असे आपणही म्हणणार नाही. आणि जेलचा बर्नर पुढे दिलातच तर पुस्तिकेत ठळक छापा : डबी गार झाल्याशिवाय जेल भरू नये, कारण उजेडात तिची ज्योत दिसत नाही.

काट्यांचेही तसेच. चीजसाठी तीन दातांचा काटा वापरतात, म्हणजे पाव घट्ट बसतो. आपले काटे दोन दातांचे आणि आखूड आहेत. सहा काट्यांच्या टोकांना वेगवेगळे रंग असायला हवेत, तर आपल्या प्रत्येक संचात दोन लाल आणि दोन पिवळे निघाले. ही शोभेची गोष्ट नाही. एकाच भांड्यात सगळ्यांनी बुडवायचे असते, तेव्हा कुणाचा काटा कुणाचा हे कळायलाच हवे, नाहीतर उष्ट्याखरकट्याचा गोंधळ ठरलेला. लांब काट्याने बुडवायचे, घास ताटलीत काढायचा आणि साध्या काट्याने खायचे, ही रीत पुस्तिकेत एका ओळीत सांगता आली असती. तिथे त्याऐवजी राजवाड्यातल्या मेजवानीचे वर्णन आहे.

आता पुस्तिका, जिच्यामुळे खरे नुकसान होते.

पान ३ वर लिहिले आहे : 'लवंग अर्धी कापून भांड्याला आतून चोळावी.' ही लवंग नाही, लसणाची पाकळी आहे. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द पडतो, म्हणून हा घोटाळा. लवंग कापायची कशी, हा प्रश्न भाषांतरकाराला पडला नाही याचे नवल वाटते.

पुढच्याच ओळीत '२ चमचे मक्याचे पीठ' आहे. आपल्याकडे मक्याचे पीठ म्हणजे भाकरीचे, पिवळे, रवाळ. इथे हवे आहे पांढरे कॉर्नफ्लॉर, म्हणजे नुसता स्टार्च. पिठाने फॉन्ड्यू दाणेदार होतो आणि जे काम स्टार्चने करायचे ते नीट होतच नाही. हे काम काय, ते कढी करणाऱ्या कुणालाही समजेल. ताकाला बेसन लावतो ते उकळताना ताक फुटू नये म्हणून. चीजमधली प्रथिने तापली की आखडतात, एकमेकांना चिकटतात आणि आतले तूप बाहेर ढकलतात. स्टार्च त्यांच्यामध्ये येऊन त्यांना एकत्र येऊ देत नाही. वाईनमधली आंबट द्रव्ये चीजमधले कॅल्शियम धरून ठेवतात, त्यामुळे प्रथिनांची जाळी सैल होते. स्टार्च आणि आंबटपणा यातले काहीही काढून घेतले की गोळा वेगळा आणि तेल वेगळे. हा फरक चीज कुठल्या देशातले आहे यावर अवलंबून नाही.

पान ४ वर 'मोठ्या आचेवर ५ मिनिटे खळखळ उकळवा' असे आहे. रवाळ पीठ, तडकणारे भांडे आणि त्यावर ही उकळी. चीज फुटले नसते तरच आश्चर्य.

'वाईन नको असल्यास' या चौकटीत तर २०० मिली दूध उकळून त्यात एका लिंबाचा रस पिळा म्हटले आहे. महोदय, याला पनीर करणे म्हणतात. बिनवाईनचा फॉन्ड्यू सहज जमतो : २०० मिली पाणी किंवा भाज्यांचा अळणी स्टॉक, आणि त्यात दोन चहाचे चमचे लिंबाचा रस. दूध अजिबात नको. डब्यातला सफरचंदाचा रस घेतला तर गोड होते.

किर्श ही चेरीपासून गाळलेली, पाण्यासारखी स्वच्छ आणि बिनगोडाची दारू. पुस्तिकेत तिच्या जागी 'चेरी सरबत' आहे. नसेल तर वगळा, एवढेच लिहायचे.

ढवळण्याबद्दलची सूचना आहे : '८ च्या आकारात ढवळा.' मूळ सूचना इंग्रजी आठाची, दोन गोल एकमेकांना जोडलेले, म्हणजे डाव भांड्याच्या मधूनही फिरतो आणि चीजचा गोळा होत नाही. देवनागरीतल्या ८ प्रमाणे ढवळले तर डाव नुसता वरून खाली घसरतो, बस्स.

पुस्तिका पुन्हा छापाल तेव्हा कृती अशी द्या. चीज ४०० ग्रॅम, फ्रिजमधून अर्धा तास आधी काढून किसलेले. त्याला दोन चहाचे चमचे कॉर्नफ्लॉर कोरडेच चोळून घ्यावे. भांड्याला आतून लसूण चोळून २०० मिली वाईन घालावी आणि तळाशी बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच तापवावी. नाशिकची सॉव्हिन्यो ब्लां ही पांढरी वाईन चालते. शेनिन ब्लां घेताना ती गोडसर नाही ना हे पाहावे. मग मंद आचेवर मूठमूठ चीज, आधीची मूठ विरघळल्यावर पुढची. सगळे मिळून दहा-बारा मिनिटे. शेवटी मिरपूड आणि चिमूटभर जायफळ. मीठ चीजमध्ये असतेच. घट्ट झाले तर कोमट वाईन, गार कधीच नाही. फुटलेच तर पुन्हा गॅसवर, एक चमचा कॉर्नफ्लॉर दोन मोठे चमचे वाईनमध्ये कालवून आणि थोडे लिंबू घालून जोरात घुसळावे. बहुतेक वेळा सावरते.

स्थानिक चीजबद्दलही एक चौकट हवी, कारण आपला आक्षेप तिथेच होता. स्वित्झर्लंडमध्ये ग्रुयेर आणि व्हॅशराँ निम्मे निम्मे, किंवा ग्रुयेर आणि एमेंटाल असे मिश्रण चालते. इथे मिळणारे मुरलेले चेडर आणि गूडा निम्मे निम्मे घेतले तर चांगला फॉन्ड्यू होतो. नुसते मोझरेला घेऊ नये, ते ताणण्यासाठीच बनवलेले असते आणि दोराच निघतो. विटांसारखे प्रोसेस्ड चीज फुटत नाही, कारण त्यात तूप आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे इमल्सिफायर क्षार आधीच असतात, पण चव सपाट लागते. पाकिटातल्या किसलेल्या चीजला चिकटू नये म्हणून भुकटी लावलेली असते, ते टाळावे. आम्ही वापरले ते चेडर आणि गूडाच होते. त्याच चीजचा, वर दिलेल्या कृतीने, साध्या जाड बुडाच्या पातेल्यात केलेला फॉन्ड्यू फुटला नाही. म्हणजे आपल्या पहिल्या वाक्याचे उत्तर झाले.

पावाबद्दल पुस्तिका 'पाव' एवढेच म्हणते. लादीपाव पहिल्याच बुडीत काट्यावरून सुटतो. आदल्या दिवशीचा कडक कवचाचा ब्रुन पाव उत्तम, दोन-अडीच सेंटिमीटरचे तुकडे, प्रत्येकाला थोडे तरी कवच असलेले. काटा मऊ बाजूने घालून कवचात रुतवायचा. पावसाळ्यात तुकडे ओव्हनमध्ये जरा कोरडे करून घ्यावेत.

एक बाब नुसत्या चुकीहून गंभीर आहे. ग्रुयेरच्या पाककृतीशेजारी आपण शाकाहाराचा हिरवा ठिपका छापला आहे. संरक्षित नावाचे स्विस ग्रुयेर वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध गोठवणाऱ्या पाचकद्रव्याने, विरजतात. हा ठिपका पाहून यजमान निर्धास्तपणे शाकाहारी पाहुण्यांना वाढतील. 'जैन पर्याय' या मथळ्याखाली तर लसूण आणि उकडलेले बटाटे दोन्ही आहेत. ही पाने तत्काळ मागे घ्या.

खोक्यावर उत्पादनाचा देश आणि आयातदाराचे नाव-पत्ता नाही. वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे आयात मालावर ते बंधनकारक आहे.

आता मुदत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे सदोष किंवा जाहिरातीत सांगितलेले गुण नसलेली वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. आपली सात दिवसांची अट रंग आवडला नाही म्हणणाऱ्यांसाठी ठेवा. याच नियमांनुसार या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे.

आमच्या मागण्या : तिन्ही संचांची रक्कम पोहोच खर्चासह परत करावी, संकेतस्थळावरून 'थेट गॅसवर चालते', '१.२ लिटर' आणि 'सहा जणांचा' हे शब्द काढावेत. आतापर्यंतच्या सर्व ग्राहकांना भांडे गॅसवर न ठेवण्याची आणि हिरव्या ठिपक्याबाबतची सूचना पाठवावी. हाच संच चॉकलेटसाठी, दोघांसाठी म्हणून योग्य किमतीत विकलात तर आमची हरकत नाही. महिन्याभरात निकाल न लागल्यास ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाऊ. राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय २०१९ च्या कायद्यात आहे.

तडा गेलेली दोन भांडी आणि उरलेल्या मेणबत्त्या जपून ठेवल्या आहेत. आपला माणूस पाठवून घेऊन जाव्यात. कुरिअरचा खर्च आम्ही करणार नाही.

आपले,
तीन ग्राहक
ठाणे व नवी मुंबई

सोबत : पावतीची प्रत, बुडावरच्या खुणेचे व तड्यांचे फोटो, मापाच्या पेल्याचा फोटो, पुस्तिकेची पाने ३ व ४, संकेतस्थळावरील जाहिरातीचा स्क्रीनशॉट.