धुऱ्याजवळची दोन झाडं

नागपूर,
२४ नोव्हेंबर

प्रिय बंडू,

तुझं पत्र परवा मिळालं. काकांचं वर्षश्राद्ध आटोपून पुण्याला पोचलास आणि त्याच रात्री लिहायला बसलास, हे अक्षरावरूनच कळलं. त्यातलं एक वाक्य दोन दिवस माझ्या डोक्यातून जात नाहीये. "बाबांना जे येत होतं ते त्यांच्यासोबत गेलं, माझ्याकडे नुसती झाडं राहिली." पुढे लिहिलंस की मागच्या हिवाळ्यात गड्यानं अंदाजानं पाणी सोडलं, संत्र्याचा आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारा फुलोरा, धड फुटला नाही, फोनवर शोधलं तर दहा जणांचे दहा सल्ले, आणि आता वावर विकून मोकळं व्हावंसं वाटतं.

विकायचं की ठेवायचं हा तुझा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण ज्ञान माणसाबरोबर जातं हे जे तू लिहिलंस, ते मला पटलेलं नाही. का पटलेलं नाही, ते सविस्तर लिहितो.

काल संध्याकाळी फिरत फिरत झिरो माईलपाशी गेलो. तो खांब आणि ते चार घोडे आपण शाळेत असताना "भारताचा मध्य" म्हणून बघायला जायचो. मोजणीच्या नोकरीत लागल्यावर कळलं की १९०७ सालचा तो खांब देशाची जमीन मोजणाऱ्यांचा आहे, आणि त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट सांगतात. दशांशानंतरचे तीन आकडे बघ. फुटाच्या हजाराव्या भागासाठी माणसं जीव टाकत होती. ती मोजणी विल्यम लॅम्ब्टननं १८०२ साली मद्रासजवळ एक पायारेषा, म्हणजे अगदी काटेकोर मोजलेली पहिली सरळ रेषा, आखून सुरू केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. वीस वर्षांनंतर हैदराबादेहून नागपूरकडे येताना वाटेतच गेला, जानेवारी १८२३ मध्ये, आपल्या हिंगणघाटला. त्याची कबर तिथेच आहे. तुझ्या मामाच्या गावी आपण इतक्यांदा गेलो, पण तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आता माझ्या मुद्द्याशी येतो. लॅम्ब्टन गेला तेव्हा त्याला जे येत होतं ते गेलं का? हातातलं काही नक्कीच गेलं. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना त्याचं अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र दोर तुटून भिंतीवर आपटलं होतं, वर्तुळच वाकलं होतं. तंबूत स्वतःला कोंडून घेऊन दीड महिना त्यानं ते हातानं सरळ केलं. ते बोटांतलं कसब पुन्हा कुणाला आलं असेल असं मला वाटत नाही. पण मोजलेला प्रत्येक कोन त्यानं लिहून ठेवला होता, आणि मागून येणाऱ्याला तो पुन्हा मोजता येईल अशा रीतीनं. म्हणून त्याच्यामागे जॉर्ज एव्हरेस्टला त्याच त्रिकोणांच्या साखळीचं टोक धरून पुढे जाता आलं.

यातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. नोकरीत असताना नव्या पोरांना मी ती हटकून सांगायचो. उत्तरेत कलियाणा आणि मध्य हिंदुस्थानात कलियाणपूर अशी दोन ठाणी होती. त्यांच्यातलं अंतर त्रिकोणांवरून एक येई आणि ताऱ्यांवरून दुसरं. फरक ५.२३६ विकलांचा. एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातले पाच, म्हणजे जमिनीवर दीडशे-पावणेदोनशे मीटर. सहाशे किलोमीटरांत एवढा फरक कुणीही गिळून टाकला असता. यांनी तो तसाच जपून ठेवला. मग कलकत्त्यात प्रॅट नावाच्या पाद्र्यानं, तो गणितीही होता, असा विचार केला की ताऱ्यांची मोजणी ओळंब्यावर उभी असते, आणि एवढा मोठा हिमालय शेजारी असताना तो ओळंब्याला आपल्याकडे ओढत असणार. त्यानं हिशेब मांडला तर ओढ निघाली जवळजवळ १५.९ विकलांची, फरकाच्या तिप्पट. म्हणजे पर्वत दिसतो तेवढ्या जोरानं ओढतच नव्हता. त्यावरून १८५५ मध्ये जॉर्ज एअरी या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं म्हटलं की डोंगराखाली तसाच हलका भाग खोल रुतलेला असला पाहिजे, पाण्यात तरंगणाऱ्या लाकडासारखा. डोंगरांना मुळं असतात हे माणसाला असं कळलं, बंडू. खोदून नाही. गवंड्याच्या ओळंब्यातली एक चूक कुणी लपवली नाही, म्हणून.

चूक कबूल करणं काय असतं ते मी स्वतः सोसलं आहे. तुला हे कधी सांगितलं नव्हतं. नोकरीच्या चौथ्या की पाचव्या वर्षी एका धुऱ्याची, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधाची, मोजणी करून मी खुणा रोवल्या. वावराची मालकीण म्हातारी बाई, तिला अक्षरओळख नव्हती. ती म्हणाली, "बाबू, धुरा निंबाच्या अल्याड नाही, पल्याड हाये. माह्या सासऱ्यानं मले दाखोला होता." माझ्याकडे नकाशा होता, मोजणीची साखळी होती, सरकारी शिक्का होता. मी तिचं ऐकलं नाही. रात्री झोप लागेना म्हणून टिपण पुन्हा काढलं, तर बेरजेत एका साखळीची भर पडली होती. दुसऱ्या दिवशी जाऊन चारचौघांसमोर खुणा उपटल्या आणि निंबाच्या पल्याड रोवल्या. तिनं काहीही न बोलता पाणी आणून दिलं. त्या दिवसापासून "मला माहीत आहे" हे शब्द मी जपून वापरतो.

आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, जाणण्याचे चार मार्ग सांगितले: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. चौथा म्हणजे आप्ताचा शब्द. आप्त कोण? ज्यानं स्वतः जाणलंय आणि जे जसं आहे तसंच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो. आपल्या मराठीत तोच शब्द नात्यागोत्याच्या माणसाला आला, हे मला फार अर्थाचं वाटतं. फोनवरच्या त्या दहा जणांचं बोलणं खोटं असेल असं नाही. पण तुझा बहार गेला तर त्यातला एकही जण तुझ्या वावरात येऊन उभा राहणार नाही. काका राहिले असते. ती म्हातारी माझ्यासमोर उभी राहिलीच होती.

आता काकांबद्दल. शाळा सुटल्यावर मी तुमच्या बागेत किती पडीक असायचो ते तुला ठाऊक आहे. ताणाच्या दिवसांत, म्हणजे बहारासाठी झाडांचं पाणी तोडलेलं असताना, ते मला उजाडायच्या आत उठवायचे. मी विचारायचो, आता पाणी सोडायचं का? ते म्हणायचे, "मले काय इचारतं? पानाले इचार." दुपारी वळलेल्या पानाकडे ते बघायचेही नाहीत, दुपारी उन्हानं पान वळतंच. सकाळी दव असताना पान द्रोणासारखं वळलेलं दिसलं, तर झाडाला खरा ताण बसला. मुरमाड जमिनीत त्याला महिनाभर लागतो, भारी काळीत दीड-दोन महिने, आणि तुमच्या वावरात तर विहिरीच्या अंगाला एक जमीन आणि नाल्याच्या अंगाला दुसरी. ताण कमी पडला तर झाड नुसती पालवी फेकतं, जास्त झाला तर फांद्या वाळतात. हे सगळं लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेच्या पुस्तिकेतही मिळेल, ती अवश्य घे. पण कुठल्या ओळीला कधी, हे पुस्तिकेत मिळणार नाही.

ते कुठे मिळेल? धुऱ्याजवळच्या त्या दोन झाडांत, बंडू. काका दरवर्षी ती दोन झाडं वेगळी ठेवायचे. एकाला बागेच्या आठ दिवस आधी पाणी, दुसऱ्याला आठ दिवस उशिरा. तू त्याला त्यांचा हट्ट म्हणायचास, काकू नुकसान म्हणायच्या. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मी चुकलो तं मले कोन सांगन? हे दोघं सांगतीन." आयुष्यभर संत्रा केलेला माणूस, सगळा गाव ज्यांना विचारायला यायचा, त्यांनी स्वतःला चूक ठरवायला दोन झाडं राखून ठेवली होती. पिकलेल्या दोन झाडांचं उत्पन्न सोडायचं म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या तुला मी सांगायला नको. काकांना बागेबद्दल जे काही माहीत होतं त्यातलं सर्वांत मोलाचं मला तरी हेच वाटतं.

आणि ते गेलेलं नाही. रविवारी मी काटोलच्या गाडीनं वावरात जाऊन आलो. मोटरघराची किल्ली गड्याकडून घेतली. आतल्या भिंतीवर, स्टार्टरच्या डाव्या बाजूला, कोळशानं ओळी लिहिलेल्या आहेत. तारीख, "पानी बंद", तारीख, "पानी सुरू", मग "धु. १" आणि "धु. २" असे दोन रकाने आणि त्यांच्यापुढे फुलोऱ्याची खूण. काही वर्षांच्या "पानी सुरू"वर फुली मारून शेजारी लिहिलंय, "चुकलो, ८ दिस आधी पायजे होतं." अशा सात फुल्या मी मोजल्या. खालच्या काही ओळी ओलीनं पुसट झाल्यात, त्या टॉर्चच्या तिरप्या उजेडात वाचाव्या लागतील. वहीत निम्म्याच उतरवून झाल्या आणि अंधार पडला.

गडी सांगत होता की घेणारा बघायला येणार म्हणून मोटरघराला चुना मारायला तू माणूस ठरवला आहेस. त्याला थांबव. विकलंस तरी ती वही घेणाऱ्याच्या हातात दे. फळ उतरलं की पाणी बंद होईल. डिसेंबरच्या शेवटी तू चार दिवसांची सुटी काढून ये, स्वेटर आण, पहाटे फार गारठा असतो. ती दोन झाडं यंदाही वेगळी ठेवायला मी गड्याला सांगून आलो आहे.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
मन्या