ओळ दिलीस, आता बोट ठेव

नाशिक, रविवार

प्रिय मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

बालकवींच्या 'औदुंबर' कवितेवरचा तुझा निबंध काल रात्री वाचला. भाषा छान आहे, पण पहिल्याच पानावर आठ ओळींची अख्खी कविता उतरवून खाली तू लिहिलंस, 'यावरून कवीचं निसर्गप्रेम स्पष्ट होतं.' कशावरून गं? आठातल्या कुठल्या ओळीवरून, कुठल्या शब्दावरून? ओळ दिली की पुरावा दिला, असं होत नाही. नेमक्या जागेवर बोट ठेवून 'हे बघा, इथे' म्हणावं लागतं, आणि ते म्हणणं तुझं असतं, बालकवींचं नव्हे.

दुसऱ्या परिच्छेदाने तर मला झोपच लागू दिली नाही. 'हिरवाईने नटलेलं प्रसन्न गाव' असं म्हणून तू 'शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे' इथपर्यंत आलीस आणि थांबलीस. कविता थांबत नाही. पुढे पांढरी पायवाट निघते ती 'हिरव्या कुरणामधुनि चालली काळ्या डोहाकडे'. तो डोह वगळून प्रसन्नता सिद्ध करायची म्हणजे कवीच्या तोंडून अर्धंच वाक्य वदवून घेणं झालं. आपल्या म्हणण्याच्या आड येणारी ओळ असेल ना, ती आधी घे. तिच्याशी झगड.

त्याच परिच्छेदात तू लिहितेस, 'पाण्यावर गडद सावली पडली आहे.' मूळ ओळ आहे, 'झाकळुनि जळ गोड काळिमा पसरी लाटांवर'. तुझ्या वाक्यात 'गोड' गळालं! काळिमेला गोड म्हणणं हाच तर तुझ्या हातातला सगळ्यात मोठा पुरावा होता. गाव, टेकडी, शेतमळे हे खुशाल आपल्या शब्दांत सांग, एका वाक्यात उरक. पण शब्द हलवला की अर्थ हलतो, अशी जागा आली की मूळ शब्दच ठेव. पूर्ण ओळ नकोच, 'गोड काळिमा' एवढं तुझ्या वाक्यात बसव.

म्हणजे कसं, ते सांगते. या कवितेत घरं आहेत, मळे आहेत, वाट आहे, माणूस मात्र कुठेच नाही. चालायचं काम माणसाचं, पण इथे पायवाट 'चालली'. 'पाय टाकुनी जळांत बसला' तोही माणूस नाही, झाड आहे. शीर्षक सोडलं तर त्या झाडाचं नाव थेट शेवटच्या शब्दात येतं, आणि त्याच्या आधीचं 'असला' आपल्याला मागच्या सगळ्या ओळींकडे पुन्हा बघायला लावतं. दोन-चार शब्दच उचलले, तरी माझं म्हणणं उभं राहिलं की नाही? तुला हे पटलं नाही तर खोडून काढ, पण कवितेतलाच शब्द घेऊन.

औदुंबर म्हणजे दत्ताचं झाड, म्हणून हा विरागी योगी, असं तू म्हणतेस. मला आवडलं ते. पण कवितेत ना दत्त, ना पादुका. आधाराला आहे ते फक्त ते पाय सोडून बसणं, तेव्हा तिथूनच सुरुवात कर. काळा डोह म्हणजे मृत्यू, हे सांगायला मात्र तू 1918 साली भादलीजवळ रेल्वेखाली झालेला बालकवींचा मृत्यू आणलास, ते काढून टाक. कविता त्या अपघाताच्या आधीची. पुढे घडलेली गोष्ट आधी लिहिलेल्या ओळीची साक्ष कशी देणार? आणि डोह म्हणजे मृत्यू हे मत मुळात तुझ्या संदर्भग्रंथातल्या समीक्षकांचं आहे. शब्द तुझे असले, अवतरणचिन्ह नसलं, तरी विचार त्यांचा, तेव्हा नाव घालायलाच हवं.

एक बारीकसं. कविता तू मोबाइलवरून उतरवलेली दिसते. 1962 च्या शुद्धलेखन नियमांनंतर आपण जे अनुस्वार सोडून दिले, ते जुन्या छपाईत भेटतात. ज्या आवृत्तीतून घेशील, तिच्यात आहे तसंच लिही, 'जळांत' असेल तर 'जळांत'. शनिवारी घरी येशील तेव्हा आपण सावानात, आपल्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन छापील प्रतीशी ताडून बघू. बाबा सोडतील आपल्याला.

तोवर दुसरा परिच्छेद नव्याने लिहून पाठव. रात्री उशीर झाला तरी पाठव, मी वाचेन.

तुझी,
आई