एम.ए. मानसशास्त्र झालं, आता पुढं काय?

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापुरात अठरा वर्षं मानसशास्त्र शिकवते. निकाल लागला की मुली पेढे घेऊन येतात आणि विचारतात, "मॅडम, आता पुढं काय?" या प्रश्नासाठीच हे पत्र.

राधानगरी तालुक्यातली एक विद्यार्थिनी पहाटेच्या एस.टी.नं यायची. प्रात्यक्षिकात आरशात बघून चांदणी गिरवायचा प्रयोग असतो. पेन्सिल हटकून उलट्या दिशेला जाते. समोर बसलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलाचा हात थरथरायला लागला, तशी हिनं स्टॉपवॉच खाली ठेवलं. "चुकू दे की, सावकाश कर." त्याचा श्वास जागेवर येईपर्यंत थांबली. वेळेची नोंद बिघडली म्हणून तिचे गुण मी कापायला हवे होते. नाही कापले. हे पुस्तकातून शिकवता येत नाही.

आज ती कापडदुकानात बिलं करते.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) म्हणून काम करायला नुसतं एम.ए. पुरत नाही. भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेत, रुग्णांसोबत, देखरेखीखाली प्रशिक्षण घ्यावं लागतं. ही अट योग्यच आहे. माणसाच्या मनाशी अर्धवट शिकून खेळू नये. पण ते शिकायला पुण्याला किंवा बेंगळुरूला राहायचं, तर खर्च कुठून आणायचा? तिच्या घरी दोन म्हशी आणि शिकणारा धाकटा भाऊ आहे. त्यात या नोंदणीची नेहमीची वाट असलेलं एम.फिल. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) 2022 च्या नियमावलीनं बंद केलं; या विषयाला फक्त 2025-26 पर्यंत मुभा दिली. पुढची वाट कोणती, हे मुलींना नीट सांगणारंही कुणी नाही.

साहेब, कोल्हापुरात राजर्षी शाहूंच्या नावाचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सीपीआर रुग्णालय आहे. तिथं मनोविकार विभागाला जोडून परिषदेच्या मान्यतेचा चिकित्सा मानसशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू करा. त्यासाठी लागणारी अध्यापकांची पदं आधी भरा, नाहीतर मान्यताच मिळणार नाही. विद्यार्थ्यांना विद्यावेतन द्या.

14416 या टेलि-मानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा, असं आपण लोकांना सांगतो. तो फोन उचलायलाही शिकलेलीच माणसं लागतात. आमच्याकडचा रुग्ण मनोरुग्णालयात दाखल करायचा तर आजही आंबा घाट उतरून रत्नागिरी गाठतात.

या मुलीचा अर्ज मी स्वतः भरून देईन. जागा तेवढी निघू दे.

आपली,
मानसशास्त्राची एक प्राध्यापिका, कोल्हापूर