गिटार विकण्याआधी जोडणी तपासा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करण्यावरचा लेख आवडला. पण त्यात इलेक्ट्रिक गिटार साध्या पिनेने लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटला जोडावी असा सल्ला होता. तेवढ्यासाठी हे पत्र.

मी मिरजेत गिटार शिकवतो. गेल्या महिन्यात एका विद्यार्थ्याचे वडील गिटार विकायलाच निघाले होते. मुलाने ती अशीच लॅपटॉपला जोडली होती आणि आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येत होता. तीच गिटार मी माझ्या ॲम्पला लावली, तर तार न् तार खणखणीत बोलली.

गिटारच्या पिकअपमध्ये, म्हणजे तारांखालच्या चुंबकी भागात, तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्यातून निघणारा सिग्नल अगदी नाजूक. तो पुरा उचलायला समोर सुमारे १० लाख ओहम रोधाचं इनपुट लागतं; लॅपटॉपच्या माइकचं इनपुट काही हजार ओहमचं. तिथे सगळ्यात आधी वरचे, झळाळीचे सूर मरतात. आमच्या तंबोऱ्यांच्या गावात जवारी (घोडीची झंकार देणारी घडण) बिघडलेला तंबोरा कसा वाजतो हे लोकांना वेगळं सांगावं लागत नाही. तसंच होतं.

त्यासाठी ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारी पेटी) घ्यावा, आणि त्यावर 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड' असं लिहिलेलं इनपुट किंवा बटण आहे ना, हे दुकानातच पाहावं. मायक्रोफोनचंच इनपुट असलेला घेतलात तर रड तीच. जोरात वाजवतानाही गेनचा (आवाजाची पातळी वाढवणाऱ्या बटणाचा) दिवा लाल होता कामा नये. ॲम्पचं स्पीकरला जाणारं आउटपुट मात्र कधीही इंटरफेसला जोडू नये, यंत्र जळतं.

मुलांची दुसरी तक्रार, तार आधी छेडली जाते आणि आवाज मागून येतो. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी वेळात पोचवणारं सॉफ्टवेअर) टाकावा आणि बफर, म्हणजे एका वेळी साठवायचे आवाजाचे नमुने, १२८ वर आणावा. ४८,००० हर्ट्झला १२८ नमुने म्हणजे जेमतेम २.७ मिलिसेकंद. येण्याजाण्याचं सगळं धरून १० मिलिसेकंद झाले, तरी ॲम्पपासून साडेतीन मीटरवर उभं राहून वाजवण्याइतकाच उशीर होतो. बोटांना तो खुपत नाही.

आणि डिस्टॉर्शन (रॉकमधला फाटका आवाज) लावल्यावर कानात माशी शिरल्यासारखं वाटलं तर ॲम्पची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं 'कॅबिनेट' (गिटारच्या स्पीकरची नक्कल) बंद आहे असं समजावं. गिटारचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही. ती चाळणी नसेल तर नुसती करकर ऐकू येते. पोरं इथेच गिटारला नावं ठेवतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

दहावी-बारावीच्या परीक्षा संपल्या की सुटीत नवी गिटार घेऊन मुलं माझ्याकडे येतात. त्याआधीच्या एखाद्या रविवारी पुरवणीत ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक गिटारशिक्षक, मिरज