लोबेरा सर, तुमचा निरोप राहून गेला

श्री. सेर्जिओ लोबेरा यांस,
स. न. वि. वि.

हे पत्र खरं तर जानेवारी २०२०च्या अखेरीसच लिहायला हवं होतं. तुम्ही आमच्या एफसी गोवाचे प्रशिक्षक, संघ तेव्हा इंडियन सुपर लीग या फुटबॉल स्पर्धेच्या गुणतक्त्यात पहिला होता, साखळीचे तीनच सामने उरले होते आणि क्लबने तुम्हाला मोकळं केलं. आत काय बिनसलं होतं ते आम्हा गॅलरीतल्यांना कळायचं कारण नव्हतं. आम्हाला एवढंच दिसलं की पुढच्या सामन्याला त्या बाकावर तुम्ही नाही. आमच्याकडे पाहुणा निघाला की त्याला शहाळं दिल्याशिवाय, निदान दारापर्यंत पोचवायला गेल्याशिवाय सोडत नाहीत. तुम्हाला पोचवायला कोणी आलं नाही. ते मनात राहिलं, म्हणून हे उशिराचं पत्र.

मी फोंड्याचा. फोंड्याहून मडगावच्या फातोर्डा स्टेडियमला जायचं तर बोरीचा पूल ओलांडावा लागतो आणि रात्रीची मॅच संपल्यावर परतीची बस मिळत नाही. त्यामुळे आम्ही पाच जण दोन स्कूटर आणि एका बुलेटवर जायचो. जाताना पुलावर गप्पा, येताना गप्प, अशी २०१६ची आमची रीत झाली होती.

ते साल तुम्ही पाहिलं नाही, म्हणून थोडं सांगतो. पण ते सांगायचं तर एक वर्ष आणखी मागे जावं लागेल. २० डिसेंबर २०१५, आमच्याच मैदानावर अंतिम सामना, समोर चेन्नईयिन. ८७व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल केला आणि आम्ही २-१ पुढे. शेजारच्याने मिठी मारली ती सुटायच्या आत बरोबरी झाली, चेंडू आमच्याच गोलरक्षकाकडून आत गेला. मग भरपाई वेळेत त्यांच्या मेंडोझाचा गोल. २-३. त्या रात्रीपासून आम्हाला एक विचित्र रोग जडला. संघ मागे असला की आम्ही शांत, आणि एका गोलने पुढे गेला की हातपाय गार. २-१ हा आकडा फलकावर दिसला की आमच्यातला एक जण उठून पायऱ्यांपाशी जाऊन उभा राहायचा. तो अजून तसाच उभा राहतो, पण आता सवयीने.

पुढच्या वर्षी तर पुढे जायचीच भानगड उरली नाही. १४ सामने, ४ विजय, ८ पराभव, आठ संघांत आठवे. प्रशिक्षक झिको होते. त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढणार नाही, एवढा मोठा माणूस तीन वर्षं आमच्या मैदानाच्या कडेला घाम गाळत उभा होता हेच पुष्कळ. पण संघातून जीव गेला होता. त्यात नोटाबंदीचा नोव्हेंबर. तिकिटाच्या खिडकीवर पाचशेची नोट चालेना, एटीएमच्या रांगेत उभं राहून आणलेले शंभर-शंभर मोजून आम्ही हरायला जात होतो. शेवटच्या सामन्यात चेन्नईयिनला ५-४ हरवलं आणि तरी तळालाच राहिलो. त्या नऊ गोलांवर लोक हसत होते. आनंदाने की वैतागाने, सांगता आलं नसतं.

आणि ते वर्ष नुसतं आमच्या क्लबचं वाईट नव्हतं. साळगावकर आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या जुन्या क्लबांनी त्याच वर्षी आय-लीग या जुन्या राष्ट्रीय स्पर्धेतून अंग काढून घेतलं, पाठोपाठ धेंपोनेही. माझे पप्पा धेंपोवाले. पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलेला क्लब. त्यांच्या पिढीला फातोर्डा म्हणजे धेंपो-साळगावकर, धेंपो-चर्चिल. एफसी गोवाला ते ‘टीव्हीवाल्यांची टीम’ म्हणायचे. आता त्यांची टीम मोठ्या स्पर्धेतून गेली, आणि उरली ती ही टीव्हीवाल्यांची, तीही शेवटच्या नंबरची. ते मॅचचा विषयच घरात काढू देत नव्हते.

जून २०१७ मध्ये तुमचं नाव आलं तेव्हा आम्ही विचारलं, हा कोण? बार्सिलोनाच्या पोरांना शिकवलेला, लास पाल्मासला होता, मोरोक्कोत तेतुआनला होता, एवढं वाचायला मिळालं. वय चाळीस. तुम्ही आणलेला फेरान कोरोमिनास चौतिशीचा. आमचा एक मित्र म्हणाला, पेन्शनरांचं पथक येतंय. याच कोरोने २००६ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी, भरपाई वेळेत गोल करून स्पेनच्या एस्पान्योल क्लबला खालच्या विभागात घसरण्यापासून वाचवलं होतं, हे त्या मित्राला नंतर कळलं. मग तो कोरोच्या नावाचा टी-शर्ट धुवायलाही देईना.

तुमचा खेळ पहिल्यांदा बघताना आम्हाला घाम फुटायचा, हे आता कबूल करायला हरकत नाही. गोलरक्षकाच्या पायात चेंडू, समोरून दोघं धावत येतायत, आणि हा शांतपणे बाजूच्या बचावपटूला पास देतोय! गॅलरीतून एकच ओरड: ‘फुडें मार रे!’ आमचं सगळं बालपण त्या ओरडीवर गेलं. भात कापून झालेल्या शेतात खेळताना, शाळेच्या मैदानावर, अडचणीत आलास की फुडें मार. तुम्ही ते बंद केलंत. चेंडू हरवून गोल बसले, तरी पुढच्या वेळी गोलरक्षक परत बाजूलाच पास देणार. मापशाचा मंदार राव देसाई, पुढे धावणारा विंगर, त्याला तुम्ही डावा बचावपटू केलंत, आणि तरी तो पुढेच धावत राहिला. मागे मैदान मोकळं. आम्ही डोक्याला हात लावून बसायचो.

३० नोव्हेंबर २०१७ची रात्र मला मिनिटामिनिटाने आठवते. बंगळुरू पहिल्यांदाच या स्पर्धेत आलेला, सगळ्यांना हरवायला निघालेला. मध्यंतराला आम्ही ३-१ पुढे, त्यांच्या गुरप्रीतला लाल कार्ड, म्हणजे ते दहाच. दुसरा कुठलाही प्रेक्षक अशा वेळी भजी खायला गेला असता. आम्ही पाचही जण जागेवर, तोंडं सुकलेली. आणि जे वाटत होतं तेच झालं. दहा जणांनी एक गोल केला, पाठोपाठ दुसरा. ३-३. आमचा पायऱ्यांवाला मित्र पायऱ्या उतरायलाच लागला होता. मी तुमच्याकडे बघत होतो. २०१५पासूनची माझी ती सवय, गोल बसला की बाकाकडे बघायचं, तिथली माणसं घाबरलीत का ते पाहायला. तुम्ही हात हलवत होता, आणि हात पुढे जा असंच सांगत होते. बचावपटू आत घेतला नाहीत, संघ मागे ओढला नाहीत. मधल्या वर्तुळातून चेंडू सुटला आणि काही मिनिटांत कोरोने तिसरा गोल केला. स्वतःचा तिसरा, आमचा चौथा. ४-३.

पायऱ्यांवाल्याने तो गोल बघितला नाही. आवाजावरून त्याला कळलं की आपला आहे, कारण बंगळुरूचा असता तर स्टेडियम एवढं हललं नसतं. त्या रात्री बोरीच्या पुलावर आम्ही गाड्या थांबवून बोललो. गोल खाल्ला तर खाल्ला, आपण आणखी एक करू: हे वाक्य इतक्या सहज कोणाच्या तोंडून आम्ही ऐकलं नव्हतं, आणि ते बोलणारे आम्हीच होतो. नऊ दिवसांनी केरळविरुद्ध मध्यंतराला २-२, आणि मध्यंतरानंतरच्या दहा-अकरा मिनिटांत कोरोचे तीन. ५-२. तेव्हा आम्ही भजी खाल्ली.

त्या मोसमात साखळीत ४२ गोल झाले, सर्वांत जास्त. उपांत्य फेरीत हरलो. पुढच्या वर्षी अंतिम फेरी, मुंबईत अंधेरीच्या मैदानावर, समोर बंगळुरू. मी तिथेच माझ्या मावसभावाकडे उतरलो होतो. तो मुंबई सिटीवाला, आणि उपांत्य सामन्यात आपण त्याच मैदानावर मुंबईला ५-१ चेपलेलं, त्यामुळे त्याने जेवायला वाढलं पण बोलला नाही. अंतिम सामन्यात जादा वेळेच्या अखेरीस कॉर्नरवर त्यांच्या राहुल भेकेचं डोकं लागलं आणि आपण हरलो. भेके मुंबईचाच. मावसभाऊ लगेच बोलायला लागला.

त्यानंतर महिन्याभरात भुवनेश्वरला सुपर कप आला, क्लबचा पहिलावहिला करंडक. त्याबद्दल फार लिहीत नाही, तो टीव्हीवर बघितला आणि टीव्हीवर बघितलेलं अंगाला लागत नाही.

आता तुम्ही गेल्यावरचं सांगतो, कारण ते तुम्हाला कोणी सांगितलं असेल असं वाटत नाही. संघ क्लिफर्ड मिरांडाच्या हाती आला. हैदराबादला ४-१, मुंबईला ५-२, आणि १९ फेब्रुवारीला जमशेदपूरला ५-०. तीन सामन्यांत १४ गोल. साखळीत पहिलं स्थान, शिल्ड आपली, आणि आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब म्हणून गोव्याचं नाव. क्लिफर्डचं श्रेय काढून घ्यायचं नाही. डोलणारी होडी सांभाळून धक्क्याला लावणं सोपं नसतं. पण ती १४ गोलांची चाल कोणाची होती हे मैदानावरच्या प्रत्येक पासात दिसत होतं. पप्पांनी त्या रात्री पहिल्यांदा पूर्ण मॅच बघितली. संपल्यावर म्हणाले, ‘शेवटी धेंपोवाल्यानेच जिंकून दिलं ना?’ क्लिफर्ड धेंपोचा. मी म्हटलं, हो पप्पा. मग जरा थांबून म्हणाले, ‘पण खेळवलं त्या स्पॅनिश माणसाने.’ एवढं कौतुक त्यांनी माझ्या दहावीच्या निकालाचंही केलं नव्हतं.

लगेच मार्चमध्ये कोरोना आला. आणि मग तुम्ही आम्हाला जो धक्का दिलात तो लिहिल्याशिवाय हे पत्र खोटं होईल. तुम्ही मुंबई सिटीला गेलात. तुमच्या संघातले जाहू, बूमू, फॉल आणि आमचा मंदार, चौघंही तिकडेच. सगळा मोसम गोव्यातच खेळवला गेला, रिकाम्या गॅलऱ्यांसमोर. तुम्ही कित्येक महिने आमच्या राज्यात राहत होता आणि आम्हाला मैदानावर येऊन तुम्हाला शिट्ट्या मारायचीही सोय नव्हती! उपांत्य फेरीत पेनल्टीवर तुम्ही आम्हाला हरवलंत आणि फातोर्ड्यावर, आमच्या फातोर्ड्यावर, करंडक उचललात. मावसभावाचा फोन आला. मी उचलला नाही.

महिन्याभराने त्याच मैदानावर आशियाई चॅम्पियन्स लीग झाली. तीही रिकाम्या गॅलऱ्यांत. ज्या सामन्यांसाठी आम्ही बोरीचा पूल चालत ओलांडला असता, ते घरी मोबाइलवर बघितले. इराणचा पर्सेपोलिस म्हणजे आदल्या स्पर्धेचा उपविजेता, त्याच्याविरुद्ध एदू बेदियाने हेडरवर गोल केला आणि चार मिनिटं का होईना आपण पुढे होतो. एदूलाही गोव्यात तुमच्याच वेळी आणलं होतं. मग १-२ हरलो. पण गटातल्या अल रय्यान, अल वहदा या क्लबांसमोरही आपला गोलरक्षक चेंडू बाजूलाच देत होता. मी घरात एकटा होतो, आणि ‘फुडें मार’ असं माझ्या तोंडून निघालं नाही हे माझ्या नंतर लक्षात आलं.

पुढे २०२१-२२ला आम्ही परत घसरलो, ११ संघांत नववे. पण तक्रारीचा सूर बदलला होता. २०१६ला लोक म्हणायचे, हे हरतात. आता म्हणत होते, हे खेळत नाहीत, पास कुठे गेले? त्यानंतर आलेल्या मार्गदर्शकांत तुमच्या हाताखाली इथेच खेळलेला कार्लोस पेन्याही होता. मग मानोलो मार्केझ आले, संघ पुन्हा वर चढला, २०२५ला सुपर कप परत आला. त्यांचे आभार त्यांना वेगळे मानू. पण हरल्यावर नेमकं कशासाठी रागवायचं हे आम्हाला शिकवलंत ते तुम्ही, आणि ती शिकवणी फुकट झाली होती. तिची फी म्हणून हे पत्र धरा.

तुम्ही दुसऱ्या कुठल्या संघाच्या बाकावर बसून फातोर्ड्याला याल. मॅच चालू असताना आमच्याकडून काही अपेक्षा ठेवू नका. तुमच्या संघाचा गोल झाला तर आम्ही शिव्याच देऊ, त्यातल्या काही कोकणीत असतील, त्या दुभाष्याकडून समजून घेऊ नका. संपल्यावर मात्र लगेच बसमध्ये चढू नका. पूर्वेच्या गॅलरीच्या बाजूला पाच मिनिटं थांबा. शहाळी आम्ही आणतो.

आपला,
बोरीच्या पुलापलीकडचा एक प्रेक्षक
(आणि सोबतचे चौघे, पायऱ्यांवाल्याने सही करायला वेळ लावला म्हणून त्याची राहिली)